कात्री वर

मालनचा उजवा हात काही एका दिवसात गेला नाही. आधी फळीवरचा डबा हाताला येईना. मग डोक्यावर पदर घेताना खांद्यात कळ यायला लागली. श्रावण उजाडला तोवर हात छातीच्या वर जायचाच बंद झाला आणि तिची वेणी घालायचं काम नवऱ्यावर, सुखदेववर, येऊन पडलं. सुखदेव ट्रॅक्टरवाला. त्यानं घातलेली वेणी म्हणजे दाव्याला मारलेला पीळ. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. मालन हसायची नाही.

तुम्ही म्हणाल, खांदा आखडला, त्यात एवढं काय? पन्नाशीच्या बाईचं काही ना काही आखडतंच. पण बाई द्राक्षाच्या टोळीतली होती. तासगावच्या पुढं खोरीवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या बायकांची टोळी बागेबागेतून विरळणीला जाते. विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा होते. हल्ली औषध ड्रोन मारतात, पाणी किती द्यायचं ते जमिनीत खोचलेल्या सुया ठरवतात, पण घडातला कुठला मणी ठेवायचा नि कुठला काढायचा ते अजून बाईच्या बोटांनाच कळतं. दोन बागायतदारांनी मोठ्या हौसेनं यंत्रं आणली होती. त्या यंत्रांनी घडांचं भरीत केलं. तर बाई लागतेच, आणि बाईला दिवसभर हात डोक्यावर धरावा लागतो.

टोळीची मुकादमीण हौसाक्का. सत्तरीची बाई, आवाज एवढासा, पण दरारा असा की बागायतदारसुद्धा तिच्यासमोर चप्पल काढून उभा राहायचा. बागेत ओरडायचं नाही, हा तिचा नियम. मागं एकदा एका बाईला साप चावला आणि तिचं ओरडणं पलीकडच्या ओळीतल्यांना हसणं वाटलं. बाई गेली. तेव्हापासून ठरलं. कुणाला काही झालं, कुणाची ओळ मागं पडली, की कात्री धरलेला हात पानांच्या वर काढायचा आणि तीनदा हवेत वाजवायची. ह्याला म्हणायचं ‘कात्री वर’. जिला दिसेल तिनं हातातलं टाकून निघायचं. का, कशाला, विचारायचं नाही. कात्री वर बघून जी आली नाही, ती त्या दिवसापासून टोळीत नाही. हौसाक्कानं ह्याच्यापायी आपल्या सख्ख्या बहिणीला घरी बसवलं होतं.

खंडेनवमीला टोळीच्या कात्र्यांची पूजा व्हायची आणि त्याच दिवशी हौसाक्का ओळी वाटायची. कात्री घ्यायची, हात डोक्यावर नेऊन दाखवायचा, मग ओळ मिळायची. ज्या बाईचा हात वर जात नाही तिला ओळ नाही. मालनला बागेशिवाय दुसरं काही नव्हतं. पोटचं एक पोर होतं, ते नऊ वर्षांपूर्वी गेलं. घरात बसली की भिंती अंगावर यायच्या. बागेत गेली की दिवस कटायचा, एवढंच तिचं जगणं होतं. आणि खंडेनवमीला दोन महिने उरले होते.

तालुक्याच्या केंद्रात मगदूम मॅडम म्हणून व्यायामाच्या डॉक्टर होत्या. पस्तिशीच्या, समजावून सांगायची आवड असलेल्या. त्यांनी मालनला खांद्याचं चित्र दाखवलं. हाडाचा गोळा एका पातळ पिशवीत बसलेला असतो, ती पिशवी सुजते, जाड होते आणि भिजून वाळलेल्या चामड्यासारखी आवळते. साखर असली की जास्तच, आणि मालनला साखर होती.

“पण पिशवी हे झालं निम्मं,” मॅडम म्हणाल्या. “निम्मं दुखणं मेंदूचं. एकदा दुखलं की मेंदू खांद्याभोवतीच्या स्नायूंना पहाऱ्यावर बसवतो. हात इतक्याच्या वर गेला की आवळा, असा हुकूम. पुढं पिशवी सैल झाली तरी पहारा उठत नाही.”

त्याच्यावर स्नायूंना भार देऊन व्यायाम करणं, हा उपाय जुनाच. रबरी पट्टा ओढा, वजन उचला. गुण येतो, पण वर्ष-दोन वर्षं जातात, कारण रबराची चाल मेंदूला दोन दिवसांत पाठ होते आणि तो पुन्हा निवांत पहारा देत बसतो. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की समोर जितं माणूस जोर लावत असलं तर मेंदूला अंदाज बांधता येत नाही. माणूस कधी जास्त रेटतं, कधी दम खातं, कधी दगा देतं. सगळी ताकद समोरच्याला अडवण्यात जाते आणि पहारा आपोआप सुटतो. ह्यातून जोडबाही निघाली. मानेपासून मनगटापर्यंत चढवायची राखाडी बाही, तिच्यात केसाएवढे धागे, वीज मिळाली की आखडणारे. अशीच बाही दुसऱ्या गावातला दुसरा रोगी घालणार. ह्यानं हात उचलला की त्याच्या हातावर भार, त्यानं उचलला की ह्याच्या. दोघं एकमेकांचं वजन, आणि सहा आठवड्यांत दोघंही बरे.

“आता एक विचारते, राग मानू नका,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं कुणाशी वाकडं आहे का?”

“म्हंजे?”

“म्हणजे ज्याचं तोंड बघावंसं वाटत नाही, असं कुणी. त्यांचाही खांदा आखडलेला असला तर फारच छान.”

मालनला ती थट्टा वाटली. पण बाई थट्टा करत नव्हती. झालं होतं असं, की पहिल्यांदा नवरा-बायको, बहिणी-बहिणी अशा जोड्या लावल्या. समोरच्याचा हात थरथरला की ह्यांचा हात सैल, त्याला दुखेल म्हणून. दोघंही एकमेकांना जपत बसले आणि खांदे होते तिथंच राहिले. परक्यांच्या जोड्या बऱ्या निघाल्या. आणि सगळ्यांत लवकर बऱ्या झाल्या त्या एकमेकांचा दुस्वास करणाऱ्यांच्या. कागदावर असं लिहीत नाहीत, कागदावर ‘भावनिक अंतर’ असं काहीतरी लिहितात.

मालननं फार विचार केला नाही. “हाय एक,” ती म्हणाली. “माझी जाऊ. रतन.”

मालन आणि रतन एकाच मांडवात दोघा भावांशी लागल्या. टोळीतही त्यांची जोडी. एकीनं ओळीच्या अल्याड, एकीनं पल्याड, अशी अकरा वर्षं त्यांनी काढली. एकमेकींचं तोंड पानांतून दिसायचं नाही, हात तेवढे दिसायचे.

नऊ वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका बागेत विरळणी चालू होती. बागेच्या कडेला शेततळं, त्याचा बांध उंच. टोळीतली पोरं त्या बांधावर बसवायची आणि एका बाईनं पाळीपाळीनं राखायची, अशी रीत. त्या दिवशी पाळी रतनची होती आणि पोर एकच होतं, मालनचा समर्थ, पाच वर्षांचा. रतन त्याला बांधावर सोडून खाली मालनच्या ओळीत आली. तेवढ्यात तो तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरला. त्या कागदावर हाताला काही लागत नाही.

मालननं सगळ्यांना सांगितलं ते असं: मी घाम पुसायला हात वर केला. ही आपली उठून आली, म्हणाली, बसून कंटाळा आला, म्हटलं गप्पा मारू. टोळीनं ऐकलं. ज्या आईचं पोर गेलंय तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार? रतन हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गप्प बसली म्हणजे कबूलच झालं, असं हौसाक्कानं ठरवलं आणि तिला टोळीतून काढलं. रतन नवऱ्याला घेऊन आठ किलोमीटरवरच्या वस्तीवर राहायला गेली, तिकडच्या एका टोळीत लागली. नऊ वर्षं दोघी बोलल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात तिचाही खांदा धरला, हे सुखदेवकडून मालनच्या कानावर आलं होतं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

मॅडमनी वस्तीजवळच्या उपकेंद्रात निरोप धाडला. मालनला वाटलं होतं, रतन येणार नाही. दोन दिवसांत तिची सही आली.

पहिल्या दिवशी मालनच्या खांद्यावर बाही चढली. डाव्या अंगठ्यात एक रबरी कडं दिलं. “फार झालं की हे दाबायचं,” मॅडम म्हणाल्या. “ह्याचं नाव ‘सोड’. दाबलं की दोघींच्या बाह्या सैल पडतात. लाजायचं नाही.” समोर पडद्यावर दोन रेघा होत्या, एक हिची, एक तिची.

मालननं हात उचलला आणि आठ किलोमीटरवरून कुणीतरी तो दाबला. तिनं लगेच ओळखला. एक झटका, मग दम, मग सावकाश चढत जाणारा जोर. अकरा वर्षं वेलाच्या पल्याडून फांदी ओढणारा हात तो. तिला संताप आला. माझं लेकरू घालवलंस ते घालवलंस, वर मलाच दाबतेस व्हय? तिनं दात आवळून रेटलं. खांद्यात सुरी फिरल्यागत झालं. तिनं सोड दाबलं, घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “लावा परत.”

एक दिवसाआड वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात हात खांद्याच्या रेषेत आला. तिसऱ्या आठवड्यात तिनं कपाळाला आपल्या हातानं कुंकू लावलं. मालनला त्या बाहीची गोडी लागली, हे सांगायला पाहिजे. बाही नसलेल्या दिवशी ती चिडचिड करायची. बाहीच्या दिवशी सकाळपासून चेहरा तजेलदार, भाकरी दोन जास्त, आणि केंद्रात जायच्या आधी ती समर्थच्या फोटोपुढं दोन मिनिटं उभी राहायची, राग ताजा करून घ्यायला. नऊ वर्षं मनात कुढली होती. आता त्या रागाला एक खांदा सापडला होता, आणि तो खांदा पळून जात नव्हता. रतनही कमी करत नव्हती, उलट दर खेपेला जास्तच रेटायची. निर्लज्जच आहे, मालन मनात म्हणायची आणि आणखी जोर लावायची.

चौथ्या आठवड्यात सुखदेवनं वेणीचा पीळ मारता मारता विषय काढला. “धाकटा भेटला हुता बाजारात. रतनला पाण्याचा तांब्या उचलंना म्हणतोय.”

“मग?”

“न्हाई, म्हटलं, तुझा तर हात सुधारतोय. तिचा का बिघडावा?”

“नाटकं करत आसंल. जित्याची खोड हाय ती.”

“तू जरा बेतानं घे की, मालन. दोन्हीकडनं नातं हाय.”

“माझ्या पोराला कुणी बेतानं घेतलं हुतं?”

सुखदेवनं वेणी अर्धी सोडली आणि बाहेर निघून गेला. पोर त्याचंही होतं. पण ह्या घरात त्या पोराचं दुःख करायचा हक्क मालननं एकटीनं घेतला होता आणि त्यानं तो कधी मागितला नव्हता. दुसऱ्या दिवशी मालननं आजवरचा सगळ्यांत मोठा जोर लावला. पलीकडचा हात एकदा लटपटला, घसरला, आणि परत उभा राहिला. ती थांबू शकली असती. तिला थांबावंसं वाटलं नाही.

अठरावी बैठक शेवटची. हात कानाला टेकला. पडद्यावर हिची रेघ वरपर्यंत गेली, आणि तिची खाली येऊन आडवी पडली. मॅडमनी घाईघाईनं तो भाग बंद केला आणि मालनच्या खांद्यावरून बाही उतरवली.

“आता कामाची चाचणी,” त्या म्हणाल्या. “ज्याचं जे काम असेल ते इथं करून दाखवायचं. रंगाऱ्याला ब्रश देतो, मास्तरला खडू. तुमच्यासाठी मी ही आणलीय.” त्यांनी तिच्या हातात विरळणीची कात्री दिली. “हात पूर्ण वर. हं. आणि तीनदा कात्री चालवा.”

मालननं हात वर नेला. काही दुखलं नाही. कात्री वाजली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिचा हात तिथंच थांबला.

मार्गशीर्षातलं ऊन. तिची ओळ मागं पडलेली. सकाळपासून तिच्या अंगात कणकण होती, हौसाक्का ओळीच्या टोकाशी यायच्या बेतात होती आणि अजून पंधरावीस घड राहिले होते. बांधावर रतन बसलेली दिसत होती, मांडीवर समर्थ. मालननं हात पानांच्या वर काढला होता. घाम पुसायला नाही. कात्री तीनदा वाजवली होती. रतन उभी राहिली होती. तिनं पोराकडं बोट दाखवलं होतं, ह्याचं काय करू, म्हणून. मालनला त्या बोटाचा राग आला होता. तिनं परत हात वर केला होता आणि परत तीनदा वाजवली होती. मग रतन पोराला बांधावर बसवून, बस हां, म्हणून, खाली आली होती. दोघींनी मिळून बारा घड केले होते. तेराव्याला समर्थची ‘आई गं’ ऐकू आली. आणि त्याच संध्याकाळी, हौसाक्कानं विचारायच्याही आधी, घाम पुसायचं तोंडातून निघून गेलं होतं. पुढं ते इतक्या वेळा सांगितलं, की सांगता सांगता खरं झालं.

“मालनताई? दुखतंय का?”

“न्हाई. चक्कर आली. उन्हातनं आले नव्हं.”

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. त्यांनाही काही सांगायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती. “तुमच्या जोडीदारणीचा खांदा फाटलाय,” अखेर त्या म्हणाल्या. “आतली दोरी बहुतेक चौथ्या आठवड्यातच फाटायला लागली होती, आता पार तुटली. आता शिवूनही उपयोग नाही. मालनताई, तुम्ही अठरा बैठकांत अकरा वेळा सोड दाबलंत. त्यांनी एकदाही नाही. यंत्राला वाटलं, ह्यांना दुखतच नाही.”

ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनी सगळा विचार केला होता, एवढा सोडून. त्यांच्या घरी दुखलं की माणसं ओरडत असावीत. मॅडम म्हणाल्या, पुढच्या यंत्रात सुधारणा होईल. एक रोगी बरा, एक जायबंदी, अशी नोंद वर गेलीये.

खंडेनवमीला मालननं कात्री डोक्यावर नेऊन दाखवली आणि हौसाक्कानं तिला पहिली ओळ दिली. दसरा झाला, छाटणी झाली. दिवाळीनंतर एका दुपारी ती एसटीनं वस्तीवर गेली. कशाला चाललोय, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

रतन ओट्यावर डाव्या हातानं शेंगा सोलत बसली होती. उजवा हात मांडीत ठेवलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. ती धाकटी, पण केस सगळे पांढरे झाले होते. मालनला बघून ती उठली आणि एका हातानं घोंगडं अंथरायला लागली.

“बसा, अक्का.”

“का दाबलं न्हाईस कडं?” मालन उभ्यानंच म्हणाली.

“दाबलं आसतं तर तुमचा जोर तुटला आसता. पैल्याच दिवशी सिस्टरनं सांगितलं, समोरच्या बाईनं कमी केलं की पलीकडचा खांदा सुटत न्हाई. म्हटलं, अक्कांना ओळ पायजे. माझं काय, ह्यांच्या जिवावर चाललंय.”

“म्हणून मला दाबत हुतीस?”

“म्हणून.” रतन खाली बसली. “आन् खरं सांगू का? नऊ वर्षांनी कुणीतरी माझ्या आंगाला हात लावल्यागत वाटायचं.”

मालनला पुढचं विचारायचं नव्हतं. पण तोंडातून निघालंच. “त्या दिवशी कशापायी खाली आलीस?”

रतननं तिच्याकडं बघितलं. “तुमास्नी ठावं हाय, अक्का.”

“मग नऊ वर्षं बोलली का न्हाईस?”

“बोलून काय झालं आसतं? तुमी त्याच तळ्यात उतरला आसता. माझ्यावर राग धरून जगताय, तर जगू द्यात म्हटलं. दोघांतलं एक तरी जगलं.”

ओट्यावर शेंगांची टरफलं पडली होती. एवढं सोपं होतं. खाली बसायचं, तिच्या त्या मेलेल्या हातावर हात ठेवायचा आणि रडायचं. नऊ वर्षांचं एका दुपारी वाहून गेलं असतं. तिचे गुडघे तर वाकायलाही लागले होते. पण मग समर्थचं काय? मग त्याला कुणी मारलं? ह्या प्रश्नाला तिच्याकडं आजवर एक उत्तर होतं, ते समोर शेंगा सोलत होतं.

“मी न्हाई बोलवलं,” मालन म्हणाली. “घाम पुसत हुते मी.”

रतननं आणखी एक शेंग फोडली. “बरं,” ती म्हणाली. “च्या ठेवू?”

मालन चहा न घेता निघाली.

मार्गशीर्षात विरळणीला हात कमी पडायला लागले. सगळ्या बायका ओळीत हव्यात, मग पोरं कोण राखणार? सुखदेवनं हौसाक्काकडं शब्द टाकला, माझ्या भावजयीला एका हातानं दुसरं काही जमत नाही, बसल्या जागी पोरं तरी बघंल. हौसाक्कानं टोळीसमोर मालनलाच विचारलं. “तुझ्या पोराचा परश्न हाय. तू म्हणशील तसं.”

“मला काय,” मालन म्हणाली. “पोट समद्यास्नीच हाय.”

बायकांचे डोळे भरून आले. केवढं मोठं मन, म्हणाल्या. आपल्यात एवढं धाडस झालं नसतं, म्हणाल्या. मालननं ते सगळं ऐकून घेतलं.

बाग तीच नव्हती, पण बाग म्हटलं की शेततळं आलंच, आणि शेततळं म्हटलं की उंच बांध. हल्ली भोवती जाळी मारतात. ह्या जाळीला एका बाजूनं कुत्र्यांनी भोक पाडलं होतं. रतन त्या भोकाला पाठ लावून बसली. तिच्यासमोर तीन पोरं खेळत होती, त्यातली एक हौसाक्काची पणती. दुपारच्या जेवणालाही रतन खाली उतरली नाही. तिची भाकरी वर पोचवावी लागली.

दुपारी तीनच्या सुमाराला मालन तिच्या ओळीत मधोमध होती. ओळ मागं नव्हती, उलट सगळ्यांच्या पुढंच होती. पानांतून तिला बांध दिसत होता. रतन दिसत होती. ते तिच्यानं बघवेना आणि नजरही काढवेना. महिनाभर एकच गोष्ट आतून कुरतडत होती. ती खोटं बोलली असेल. बोलावल्यावर सगळेच येतात असं थोडंच आहे? पोर मांडीवर असताना कुठली बाई उठेल? ती स्वतःहूनच उठली असणार. आता बघू. हे सगळं ती स्वतःला सांगत होती, आणि खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं हात पानांच्या वर काढला आणि कात्री तीनदा वाजवली.

बांधावर रतन उभी राहिली. उठायची सवय अंगातली, ती आपोआपच उठली. मग ती थांबली. डाव्या हातानं तिनं पोरांकडं बोट दाखवलं.

ते बोट मालननं बघितलं. नऊ वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच होतं ते. हात खाली घ्यायला एवढासा वेळ लागला असता. तिनं परत वाजवली. एक, दोन, तीन.

रतन खाली बसली. डाव्या हातानं तिनं तिन्ही पोरं जवळ ओढली, एकीला मांडीत घेतलं, दोघांना कवटाळलं, आणि मान खाली घातली. पोरं सुटायला धडपडत होती. तिनं सोडली नाहीत.

ओळीच्या टोकाशी हौसाक्का उभी होती. तिनं दोन्ही खेपेला कात्री बघितली होती आणि तिच्याबरोबर चार बायकांनी बघितली होती. काय झालं म्हणून त्या सगळ्या मालनच्या ओळीत धावत आल्या. मालन धडधाकट उभी होती.

“काडी तुटून घड लोंबत हुता,” मालन म्हणाली. “धरला मी.”

हौसाक्काला घडाशी देणंघेणं नव्हतं. ती बांधाखाली जाऊन उभी राहिली. “कात्री वर दिसली तुला?”

“दिसली,” रतन म्हणाली.

“दोनदा?”

“दोनदा.”

“आन् बसून राह्यलीस. तिला साप चावला आसता म्हंजे?” हौसाक्काचा आवाज चढला नाही, तो कधी चढायचा नाही. “तवा गप्पा मारायला पोराला टाकून उठलीस. आज कात्री वर बघून उठली न्हाईस. तुला नेमकं उलटंच कसं सुचतं गं, रतन?”

रतननं मालनकडं बघितलं. सगळ्याच बायकांनी बघितलं. आता मालन सोडून त्या बागेत कुणाचं बोलणं कुणी ऐकणार नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

“जाऊ द्या, हौसाक्का,” मालन म्हणाली. “तिला नका बोलू. नशीब माझं.”

एवढ्यानंच काम झालं. एका बाईनं कडाकडा बोटं मोडली. दुसरीनं रतनच्या मांडीवरून पोर उचललं, पोरगी घट्ट धरलेली होती तर हिसकून घेतलं. हौसाक्कानं रतनला हातानंच वाट दाखवली. पोरांना बघायला तिनं दुसरीला वर पाठवलं, आणि ती बाई आपली जाळीपासून दहा पावलं लांब, सावली बघून बसली.

रतन मालनच्या ओळीवरूनच बाहेर पडली. तिचा उजवा हात चालताना मागंपुढं होत नव्हता. मालनपाशी ती क्षणभर थांबली. तिच्या तोंडावर राग असता तर मालनला बरं वाटलं असतं.

“जाळीला भोक हाय,” ती हळूच म्हणाली. “तेवढं सांगा त्या बाईला. तुमचं ऐकतील.”

मग ती गेली. मालन पानांतून बांधाकडं बघत राहिली. भोक कसं दिसलं, असं विचारलं असतं कुणी. रतननं सांगितलं, म्हणावं लागलं असतं. मग रतन का उठली नाही, तेही सांगावं लागलं असतं, आणि मग मागचं. तिनं पुढचा घड धरला. हात वर नेला, दाटीचे मणी काढले, आणि हात आणखी वर नेला. खांदा कुठंच अडला नाही.